एकट्या माणसांचा नियम

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

हैदराबादहून नवं परिपत्रक आलं. सुधाकररावांनी सगळ्यांना बसवून वाचलं. ते आमच्या आदिलाबादजवळच्या मावल्याच्या शाखेचे सुपरिंटेंडंट, आणि इंग्रजी कागद आला की मराठीत उलगडून सांगायची त्यांची जुनी सवय. सगळे म्हणजे कोण? गावोगाव शुगर तपासत फिरणारी मी, ड्रायव्हर बंडू आणि लॅबवाला.

विद्यापीठाच्या मधुमेह संशोधन केंद्राला निधी पुन्हा मंजूर झाला. इथवर ठीक. मग नियम. गाडीच्या फेऱ्या कमी. शुगरचे आकडे शक्यतो घरच्यांनी फोनवर कळवायचे. आणि शेवटचा — जो माणूस इन्सुलिन घेतो आणि घरात एकटा राहतो, त्याला एक एप्रिलपासून केंद्राच्या अभ्यासात ठेवता येणार नाही. एकाच छताखाली झोपणारा साथीदार पाहिजे. नसेल तर त्याचं इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या, सगळं बंद. निधीतून त्याच्यावर खर्च करायचा नाही.

"वजह पण दिली आहे," सुधाकरराव म्हणाले. दुसऱ्या कुठल्याशा केंद्रात एक म्हातारा एकटाच राहायचा. झोपेत शुगर उतरली. सकाळी दूधवाल्याला कळलं.

नियमात खोट काढायला जागाच नव्हती.

माझ्या गावांमध्ये अशा एकट्या बायका बऱ्याच. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मथुराबाईंकडे गेले. नियमाचं सांगितलं नाही.

नार्नूरच्या पुढं गाव, गावाच्या टोकाला त्यांची वांग्या-मेथीची वाडी आणि वाडीतच एक खोली. फ्रीज नाही. मातीच्या एका मडक्यात दुसरं ठेवून, मधे ओली रेती घालून इन्सुलिन कसं थंड ठेवायचं ते मी पहिल्या वर्षी दाखवलं होतं. अजून तसंच ठेवतात, रोज रेती भिजवतात.

शुगर पाहिली, पाय पाहिले, लिहून घेतलं. काम संपलं. उठायला पाहिजे होतं.

"काऊन वं, आज चेहरा उतरला तुया?"

"काही नाही मावशी."

"डबा आनला असन ना. थंड झाला असन तो. बस."

भाकर, वांग्याची भाजी, कच्चा कांदा. ड्यूटीवर असताना पेशंटकडे जेवू नये हे मला माहीत आहे. मी दर गुरुवारी जेवते. त्या समोर बसतात, स्वतः खात नाहीत, मी खाते ते बघतात. आई गेल्यापासून मला जेवताना बघणारं माणूस हेच.

बंडू गाडीत हॉर्न वाजवत राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

काल ऑफिसातून निघाल्यापासून आत्तापर्यंत मी एक शब्द मोठ्यानं बोललेले नाही. भाजी चिरताना एकदम लक्षात आलं. "पूनम" असं म्हणून पाहिलं. आवाज घोगरा आला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

श्रीलता मॅडमना फोन लावला. केंद्राच्या डायरेक्टर, हैदराबादला बसतात. माझं हिंदी त्यांच्यासमोर अडखळतं, तरी बोलले. एका बाईपुरती सवलत द्या. शेजार जवळ आहे. मी स्वतः रोज सकाळी फोन करीन.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फोन तो सुबह करोगी ना, पूनम? शुगर तो कभी भी गिरती है."

निधी देणाऱ्यांची अट आहे, एकाला सूट दिली तर सगळ्या शाखांचा पैसा अडकेल, असंही म्हणाल्या. घरचं कोणी शोध. शांतपणे, समजुतीनं. चिडता येईल असं काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकीच्यांचं जमत चाललंय. रुक्माबाईंचा पुतण्या झोपायला यायला तयार झाला. एक जण लेकीकडे गेली. राहिल्या फक्त मथुराबाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

मथुराबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात थांबले नाहीत.

"म्हंजे आता सुई बंद?"

"बंद नाही. तुमच्यासोबत कोणी राहिलं तर चालू."

"माह्यासंगं कोन राह्यते?"

"संतोष आहे ना. नार्नूरलाच."

मुलगा आहे हे आमच्या कागदावर आहे. तो येत नाही हे मी पाहिलंय. काऊन येत नाही ते कधी विचारलं नव्हतं. आज त्यांनीच सांगितलं. नवरा शेवटचा आजारी पडला तेव्हा संतोष गाडी घेऊन आला, नागपूरला नेऊ म्हणाला. नवरा बायकोला म्हणाला, मले आता हलवू नको. यांनी हलवू दिलं नाही. माणूस घरातच गेला.

"संतोष म्हनते, तूच मारलं बापाले. तवापासून बोलत नाई." एक जुडी बाजूला ठेवली. "आता तूच सांग पोरी. जानाऱ्याचं आयकाचं होतं का राह्यनाऱ्याचं?"

मी जुड्या बांधू लागले. माझ्या सैल होत होत्या. त्यांनी एकेक सोडून परत बांधली.

२३ फेब्रुवारी, रविवार

नार्नूरला गेले. बसनं, माझ्या सुटीत, माझ्या मनानं. सुधाकररावांना इत्तला दिली नाही.

संतोषचं किराणा दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर. मी कोण ते सांगितलं. तो गिऱ्हाईकाला तूरडाळ मोजून देत राहिला. साथीदाराचा नियम समजावला. शुगर उतरली की काय होतं तेही सांगितलं, त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दूधवाल्याचं बोलले तेव्हा त्याचा हात जरा थांबला.

"तिनं पाठवलं का तुमाले?"

"नाही. त्यांना माहीत पण नाही."

"मंग तुमी काऊन आल्या?"

काय सांगणार? "माझं काम आहे," म्हटलं. आज ऐतवार आहे हे त्यालाही दिसत होतं.

मग पडद्यामागून त्याची बायको आली, सपना. हाताला पीठ. सगळं ऐकत असावी. माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलली. "मागची खोली रिकामी हाये. आना त्यायले. बोलू नका पाहिजे तर. पन आना."

संतोष तागडीतून डाळ पुडीत ओतत म्हणाला, "येईन म्हना शनिवारी."

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा फुललाय. हे सांगायला कोणीतरी पाहिजे होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मथुराबाई तयार झाल्या. लगेच नाही. आधी वाडीचं काय, मग कोंबड्यांचं काय. वाडी शेजारच्या जयवंताबाई करतील, अर्ध्या वाट्यानं.

शेवटी म्हणाल्या, "तू म्हनतेस म्हून जाते."

काम झालं. मला आनंद व्हायला पाहिजे.

१ मार्च, शनिवार

संतोष ऑटो घेऊन आला. मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानं गाठोडं उचललं, पेटी उचलली. मग इन्सुलिनच्या मडक्यापाशी थबकला.

"हे कसं धरू?" विचारलं त्यानं मला.

"आडवं नका करू. रेती सांडते," उत्तर मथुराबाईंनी दिलं.

"बरं," तो आईला म्हणाला.

एवढंच. पण त्यानं ते मडकं मांडीवर घेतलं आणि ऑटोवाल्याला हळू चालव म्हणाला. मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

ऑटोत मला जागा नव्हती. मी फाट्यावर बसची वाट पाहत उभी राहिले. ऑटो वळणाआड गेल्यावर आठवलं, मथुराबाई वळून बघायच्या राहिल्या. बघतील कशाला? लेकाच्या घरी चालल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार

नार्नूरची फेरी बंद. साथीदार फोनवर आकडे देणार, म्हणून गाडी नाही. डबा ऑफिसात खाल्ला.

२० मार्च, गुरुवार

सपनाचा फोन ठरल्या वेळी येतो. उपाशीपोटी एकशे दहा. जेवणानंतर एकशे पन्नास. टोचलं. जेवल्या. झोपल्या. पोरगी हुशार आहे, एक दिवस चुकत नाही. मथुराबाईंची शुगर इतकी चांगली माझ्या हातात कधी नव्हती.

"मावशींना देता का जरा?" आज विचारलं.

आत आवाज दिलेला ऐकू आला. मग सपना परत. "त्या म्हनते, काय बोलू."

सुधाकरराव खूश. हैदराबादच्या अहवालात आमच्या शाखेचं उदाहरण जाणार आहे — एकटी राहणारी पेशंट कुटुंबात परत, साखर आटोक्यात. श्रीलता मॅडमनी माझं नाव घेतलं म्हणे.

"तुला काही वाटत नाही का गं?" सुधाकररावांनी विचारलं. "मी असतो तर पेढे वाटले असते."

"शुगरच्या ऑफिसात?" मी म्हटलं. ते हसले. मीही हसले. आठवड्यातलं पहिलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. बोथहून गोपालदादाचा फोन. "तुला ये म्हणालो असतो, पण इकडं हिच्या माहेरचे आलेत." भावाचं बरोबर आहे. घर लहान आहे.

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंनी उगादीची पचडी दिली, स्टीलच्या वाटीत. कैरी, गूळ, कडुनिंब. उभ्यानंच खाल्ली. वाटी धुऊन लगेच परत दिली. वाटी लगेच दिली नसती तर ती न्यायला त्या वर आल्या असत्या, हे नंतर सुचलं.

१३ एप्रिल, रविवार

ऊन चढायच्या आत कपडे वाळत घालत होते. खालून कोणी विचारत होतं, "शुगरवाली पूनम इथंच राह्यते का?"

मथुराबाई! एकट्या. नार्नूर ते उटनूर, उटनूर ते आदिलाबाद, तिथून ऑटो. हातात कापडी पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं इन्सुलिन.

मी आधी शुगर पाहिली. ठीक होती. मग रागावले. वाटेत चक्कर आली असती तर? कोणाला सांगून निघालात का?

"सांगतलं. पूनमकडे जाते म्हनलं."

"काय झालं तिकडे? कोणी बोललं का?"

"नाई वं. सून लई चांगली हाये. घड्याळ पाहून खाऊ घालते. सुई टोचते. संतोष बी आता माय म्हनते." पायऱ्या चढून दम लागला होता, भिंतीला टेकून बसल्या. "पन टोचलं का उठते. वाढलं का उठते. दुकान हाये, लेकरं हायत, त्यायचं बी बराबर हाये. कोनी बसत नाई."

मी पाणी दिलं.

"तू बसत होतीस," म्हणाल्या.

सपनाला फोन केला, पोचल्या म्हणून. ती रडत होती. "ताई, आमचं काय चुकलं?" काही नाही चुकलं, म्हटलं. खरंच नाही चुकलं. ते तिला पटवता आलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

अजून इथंच आहेत. सकाळी मी उठायच्या आत झाडून घेतात. माझ्या भाकरी बघून म्हणाल्या, "हे कोनी शिकवलं तुले?" आईनं, म्हटलं. मग बराच वेळ आईविषयी बोलले. इतकं मी कोणाजवळ बोलले नव्हते.

लपवायचं कसं? सुधाकररावांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"पूनम, अभ्यासातला पेशंट कर्मचाऱ्याच्या घरी राहू शकत नाही. आकड्यांवर कोण भरवसा ठेवील? निधी देणारे उद्या विचारतील."

"मला माहीत आहे."

"मग पोचवून ये त्यांना. मी काही पाहिलं नाही." थोडं थांबून — "मला आवडतंय असं समजू नको."

१८ एप्रिल, शुक्रवार

मथुराबाईंना सगळं समजावलं. परत नार्नूरला जायला लागेल. मी भेटायला येत जाईन, सुटीच्या दिवशी, नक्की.

त्या तांदूळ निवडत होत्या.

"माह्या नावाची गोम हाये ना? मंग काढ माह्यं नाव."

"आणि इन्सुलिन?"

"सरकारी दवाखान्यात भेटते म्हनतेस ना. रांगेत लागन मी. मले दुसरं काय काम हाये?"

मी म्हटलं, पट्ट्या नाही मिळणार, तपासण्या नाही मिळणार, मोठ्या डॉक्टरांचं लक्ष राहणार नाही. एकेक सांगत गेले. मी मनापासून सांगत होते की घाबरून, मलाच कळेना. त्या मान हलवत होत्या, तांदळातले खडे बाजूला काढत.

"झालं का सांगून?" मग म्हणाल्या. "आता मी तुह्यावर ओझं असन तर तसं सांग. नियम नको सांगू."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आधी पदराला पुसून.

२१ एप्रिल, सोमवार

मथुराबाईंचं नाव अभ्यासातून निघालं. सोडून जाणाऱ्याला कारण विचारायचं नसतं. सुधाकररावांनी विचारलं नाही. हैदराबादच्या अहवालातून आमचं उदाहरण काढून टाकतील.

संध्याकाळी घरी आले. दार आतून लावलेलं होतं. कडी वाजवावी लागली. आतून "आली वं" ऐकू आलं.