तिवराच्या पानावर मीठ नाही

१२ एप्रिल
हाताने केलेलं: रोपांसाठी बांबूच्या चौकटी. भरती मोजायची लोखंडी पट्टी, सेंटिमीटरच्या खुणा छिन्नीने पाडलेल्या. आणि द्रोणागिरीच्या गोदामांमागे, बांधाच्या आत, तिवरं, म्हणजे खारफुटी. एकूण एक माझी. शिकवलं कोणी नाही. वेल्डिंग तरी कोणी शिकवलं होतं?
तिवरं पिवळी पडतायत. का?

१४ एप्रिल
पान चाटलं. अळणी! तिवर खारं पाणी पितं आणि मीठ पानातून घामासारखं बाहेर टाकतं. या दिवसांत बोटाला पांढरी पूड लागायला हवी. ती लागत नाही, म्हणजे भरती आत येत नाहीये, झाडं गटाराच्या पाण्यावर आहेत. भरती आत घेणारी बांधातली उघाडी, फळीचं दार, कोणीतरी अडवलीय. उघाडीला लागून तळं कोणाचं? जनूभाऊचं. पाणी कोंडून जिताडे मासे पोसत असणार. तोच.

१५ एप्रिल
ज.ला तोंडावर विचारलं. "पानं चाटता? शिंदेभाऊ, आमची शेली पन आदी वास घेते!" मग म्हणे, "मी कशाला अडवू? माजा जिताडा पन भरतीवरच जगतो." जरा जास्तच हसला. विश्वास नाही.

१८ एप्रिल
अमावास्येचं उधाण, तरी पट्टीवर पाणी एक खूणही चढलं नाही. चिखल तुडवत उघाडीपर्यंत गेलो. उघाडीची फळी उघडीच. बाहेरच्या अंगाला मात्र डंपरभर राबिट ओतलंय, विटा, फुटक्या टाइल्स. ज.च्या तळ्यात जिताडे पोट वर करून. तो काठावर. "आता माशे चाटा," एवढंच म्हणाला.
तिवराची श्वासाची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. त्यांना साचल्या पाण्याच्याही वर नवी कोवळी टोकं फुटलीत. जीव आहे अजून. पण किती दिवस...

२० एप्रिल
काल मी आणि ज., दोघांनी कुदळीने राबिटातून हातभर वाट काढली. आज पुन्हा बुजवलेली. कोणीतरी नजर ठेवून आहे.

२४ एप्रिल
बांधालगत नवं गोदाम होणार, त्यांचा माणूस घरी आला. पेढे घेऊन. "साहेब, तिवरातलं तुमच्याएवढं कोणाला कळतं?" गोड बोलला तेव्हाच ओळखलं, राबिट कोणाचं. हिने चहा टाकला होता, मी गॅस बंद केला. "अहो, चहा तरी..." नाही.
खिडकीतून पाहिलं. तो गेटबाहेर पडून सरळ ज.च्या घराकडे वळला. ज.चे तर मासेही गेलेत. तो काय म्हणाला असेल? विचारायला गेलो नाही अजून.
मला काय सांगितलं ते लिहून ठेवतो. तिवरं रोगाने वाळली, भरतीचं पाणी चालू होतं, असं माझ्या सहीचं पत्र, म्हणजे तिवरं मारल्याचा ठपका त्यांच्यावर नको. पाच लाख, रोख. नाही म्हणालो.