खाट पुढच्या खोलीतच राहील

१ जून २०२५, रविवार
आज कागदावरचा वाढदिवस. गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून टाकली, त्यात मी. वर वडिलांनी वय तीन वर्षं कमी सांगितलं. म्हणजे खरा बहात्तर, कागदावर एकोणसत्तर. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले माझे जोडीदार रिटायर होऊन घरी बसले, तरी मी तीन वर्षं पगार घेत होतो. याला दूरदृष्टी म्हणतात.

सूनबाईंनी बिनसाखरेचा केक मागवला. कापून होतो न होतो तोच योगेश म्हणाला, नाना, तुमची खाट मागच्या खोलीत हलवू, तिथे बाथरूम जवळ पडेल. पुढच्या खोलीत माझं ऑफिसचं टेबल बसेल. आधी माझ्या बाथरूमची काळजी, मग टेबल. जन्मभर बॉयलर सांभाळला आहे मी. वाफ कुठून निघते ते कळतं.

निषेध म्हणून केक खाल्ला नाही. (एकच तुकडा. चव बघायला.)

सांगून टाकलं, तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममधून माझं नाव काढ. मी कोणाचा मिंधा नाही. तो म्हणाला, एकदा काढलं की या वयात परत घालत नाहीत. म्हटलं, काढ. समोर बसून काढायला लावलं. स्वयंपाकघरातून मैना म्हणाली, माझं राहू दे रे बाबा. बायकोच फितूर.

४ जून
मी फिरायला गेलेला बघून खाट मागे नेली. ज्याच्या नावावर घर, त्याची खाट मागे.

दुपारी घरात कोणी नव्हतं. एकट्याने ओढत, उचलत पुढे आणली. टेबल अंगणात. जांघेत कळ आली. गॅस असणार.

५ जून
भिका आहेर, माझा जुना शिफ्टमधला जोडीदार, बागेत भेटला. म्हणाला, रडतो कशाला, २००७ चा कायदा आहे. आई-बापाला नीट न सांभाळणाऱ्या पोराला प्रांतांसमोर उभं करता येतं. वकिलाची गरज नाही. घर आपलं असेल तर पोराला बाहेर काढायला सांगता येतं. शिवाय सत्तरीवरच्यांना सरकारी आयुष्मान कार्ड. पाच लाखांपर्यंत उपचार फुकट, उत्पन्न कितीही असो.

भिकाला कलमं पाठ आहेत. अकरा वाजता घाईने उठला. सुनेने दळण आणायला सांगितलं होतं.

९ जून
कार्ड काढायला गेलो. मैनाला रांग धरायला नेलं. कॉम्प्युटरवरची मुलगी आधार बघून म्हणाली, काका, तुम्ही बसत नाही, पुढच्या एक जूनला या. मी खरं वय सांगितलं. म्हणाली, ते मला सांगून काय उपयोग.

मैना शाळेत गेलीच नाही. आधारवाल्याने तिला अंदाजाने एक जानेवारी चोपन्न टाकून दिली होती. तिचं कार्ड लगेच निघालं. कागदावर माझी बायको माझ्यापेक्षा मोठी आहे. रिक्षात ती पदर तोंडाला लावून हसत होती. लग्नात हसली नव्हती इतकी.

संध्याकाळी ठरवलं, आधारवरचं वय दुरुस्त करायचं. भिका म्हणाला, कर, मग तीन वर्षांचा पगार परत मागायला माणूस येईल. विषय तूर्त बंद. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२० जून
प्रांतांच्या कार्यालयात अर्ज दिला. तक्रारी: खाट हलवणे. भाजीत मीठ कमी. बिनसाखरेचा केक. रिमोट लपवणे (सापडला, पण लपवला होता). मागणी: सामनेवाले क्रमांक एक योगेश आणि क्रमांक दोन सूनबाई स्नेहल यांनी घर सोडावं. भिकाने वर सुचवलं, लेखी परवानगीशिवाय घरात पाऊल टाकू नये, हेही घाल. घातलं.

आता नोटीस येईल, दोघांची तंतरेल, पाया पडतील. मग मी माफ करणार. माफीचं भाषण तयार आहे.

११ ऑगस्ट
सुनावणी. योगेशच्याच गाडीतून गेलो. रिक्षावर पैसे कशाला घालवा. पुढच्या सीटवर बसलो, कारण अर्जदार मी.

प्रांत मॅडमनी योगेशला विचारलं. तो म्हणाला, घर नानांचंच आहे. आम्ही पाथर्डी फाट्याला भाड्याने घर बघितलंय. खर्चाचे पैसे दर महिन्याला पाठवतो. संपलं. पाया पडणं नाही, काही नाही. माझं भाषण खिशातच.

मॅडमनी मैनाला विचारलं, आजी, तुमचं काय. ती म्हणाली, माझी तक्रार नाय. मी लेकाकडं जाईन. लय वर्सं ह्यांची खाट झटकली, आता बास.

मॅडम मला म्हणाल्या, काका, अजून विचार करा. परवानगीची अट तरी काढा. सगळ्यांसमोर माघार घेऊ? सही केली. पूर्ण विजय.

२४ ऑगस्ट, रविवार
टेम्पो आला. मैनाने जाताना पोळपाट नेला, देव्हाऱ्यातला गणपतीही नेला. यंदा तिकडे बसवणार म्हणे. न्या. खाट पुढच्या खोलीत आहे. रिमोट माझ्या हातात आहे.

राग येतो तो फक्त पोळपाटाचा.

१७ सप्टेंबर
जांघेतला गॅस हाताला लागायला लागला. सरकारी दवाखान्यात दाखवलं. हर्निया. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी भरती व्हा, तोवर काही उचलू नका. सिस्टरने विचारलं, सोबत कोण? म्हटलं, कोणी नाही, मी खंबीर आहे. ती म्हणाली, खंबीर चालत नाही, नातेवाईक आणा.

भिकाला विचारलं. त्याने सुनेला विचारलं. नाही म्हणाली.

१८ सप्टेंबर
मैनाला फोन केला. माझा आवाज ऐकून तिने तो योगेशला दिला. मी स्पष्ट केलं की ही विनंती नाही, कायद्याने मुलाचं कर्तव्य आहे. तो म्हणाला, रजा टाकतो, सकाळी सातला येतो. पण आत येणार नाही. गेटबाहेर थांबतो. मी म्हटलं, ये, देतो परवानगी. म्हणाला, लेखी लागते, नाना. तुमचीच अट आहे. आवाज चढवला नाही. त्याचाच जास्त राग आला.

मैना मागून म्हणाली, येऊ दे त्यांना चालत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ७
गाडी आली आहे. खिडकीतून दिसते. योगेश गेटला टेकून मोबाइल बघतोय. मैना मागच्या सीटवर, काच वर.

पिशवीत चादरी, तांब्या, टॉवेल, फाइल. जड झाली आहे. मोठ्या मनाने लेखी लिहिलं: सामनेवाले क्रमांक एक यांना पिशवीपुरती आत येण्याची परवानगी देण्यात येत आहे. खाली सही, तारीख.

खिडकीतून कागद हलवला. दोनदा. त्याने वर बघितलं नाही. मैनाने बघितलं, आणि तोंड फिरवलं.

कागद गेटवर नेऊन द्यावा लागेल. आता जातोच आहे, तर पिशवीही घेऊन जातो.