कॉट नंबर नऊवरची कॉपी

मेडिकल कॉलेजचे हॉस्पिटल, नगर
वृद्धांचा वॉर्ड, कॉट नंबर ९

चि. गहिनीनाथ यास पुष्पाताईचे आशीर्वाद (सत्तरीच्या माणसाला चिरंजीव लिहिताना हात अडखळतो, पण धाकटा तो धाकटाच). गुडघा कसा आहे? सांगितलेला व्यायाम तू करत नसणार, तेव्हा विचारत नाही, करायला लाग. मी ठीक आहे. पत्राला विशेष कारण नाही.

गेल्या महिन्यात तू मला "ताई, नुसती पित्ताची सूज आहे" असे सांगून गेलास. त्याआधी दोनदा खाकरलास. लहानपणी गुळाच्या ढेपेला बोटे कोणी लावली असे वडील विचारत, तेव्हाही असाच खाकरायचास. मी मान डोलावली. आमचा अमृतही तेच पाठ करून आला होता, आणि आईला काही कळू देऊ नका अशी त्याने इथल्या मोठ्या डॉक्टरांना गळ घातली होती. डॉक्टर शब्दाला जागणारे. ते रोज सकाळी सात विद्यार्थी घेऊन माझ्या कॉटभोवती उभे राहतात आणि माझ्या आजाराविषयी फक्त इंग्रजीत बोलतात. देवळाली प्रवऱ्याहून आलेल्या म्हातारीला इंग्रजी कुठले? बत्तीस वर्षे मी हायस्कूलला विज्ञान आणि इंग्रजी शिकवले, हे केसपेपरवर कोणी लिहिले नाही. (अमृतने घाईत 'गृहिणी' लिहिले आहे. त्याचा हिशेब वेगळा.) त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मला सगळे कळले. एक मुलगा स्वादुपिंडाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार रोज चुकतो, आणि मला जीभ चावून गप्प बसावे लागते. या आजारात एवढाच त्रास मला असह्य झाला.

बाकी वेळ बरा जातो. माझी स्मरणशक्ती तपासायला एका विद्यार्थ्याने शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि मग त्या मुलाला तेरा-तेरा वजा करायला लावले. तो एकसष्टला अडकला. घड्याळाचे चित्र काढा म्हणाले, तर मी कंपास मागितला. हाताने काढलेले वर्तुळ मी मुलांचे कधी चालवून घेतले नाही, स्वतःचे कसे घेऊ? शेजारच्या कॉटवर कोल्हारच्या छबूबाई आहेत. त्यांच्या घरच्यांनीही त्यांना काही सांगितलेले नाही. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, मला समदं ठावं हाय. पन पोरं इतकी झटून खोटं बोलत्यात, मोडवत न्हाई वो."

तर सोमवारी इथे विद्यार्थ्यांची परीक्षा झाली. परीक्षेसाठी खरेखुरे पेशंट बसवतात, आणि पेशंट हळूच उत्तर सांगून मुलांना पास करतात, अशी इथली जुनी रीत आहे. ऐकून मी संतापले. मी असा प्रकार पाहिला असता तर पेपर काढून घेतला असता. माझ्या वाट्याला स्नेहल आली. त्या सातांपैकी, रोज माझी वेणी घालून देणारी मुलगी. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, पेशंटला कळेल असे मराठीत बोला, आजींना काय झाले आहे ते सांगा. पोरीला उत्तर येत होते. पण माझ्यासमोर ते उच्चारणार नाही असा शब्द तिने अमृतला दिला होता. ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली. परीक्षकांनी नापासाचा शेरा मारायला पेन उचलले. छबूबाई पलीकडून कुजबुजल्या, "सांगून टाका की, बाई."

मी सांगितले. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. आधी मराठीत, मग इंग्रजीत, नीट उच्चारासह.

मागे दारात अमृत पेजेचा थर्मास घेऊन उभा होता. झाकण तेवढे पडले. "आई, तुला कोणी सांगितलं?" म्हणाला. मी म्हटले, "तुम्हीच सगळ्यांनी. इंग्रजीत." मग तो कॉटवर बसून लहानपणासारखा रडला. मी त्याला पेज पाजली. ती माझ्यासाठी आणलेली होती, पण मला तशीही जात नव्हती.

इकडची काळजी नसावी.

तुझी,
पुष्पाताई

ता. क. विशेष कारण नाही असे वर लिहिले आहे, ते खोडून वाच. पुण्याला नेऊन ऑपरेशन केले तरी काही साधणार नाही, असे मोठे डॉक्टर म्हणतात (आता मराठीत). दुखू नये म्हणून औषध आहे, आणि इथली माणसे घरी येऊन बघून जातील. मला घरी जायचे आहे. अमृतलाही ते पटते, पण "मामा म्हणतील, आईला सोडून दिलं" एवढ्यावर तो अडून बसला आहे. तेव्हा आईला घरी ने, असे तू त्याला फोन करून सांग. माझे नाव काढू नकोस. तुझाच विचार म्हणून सांग.

ता. क. २. स्नेहल पास झाली. मी परीक्षक असते तर नापास केली असती.

ता. क. ३. फोनवर खाकरू नकोस. अमृत ते ओळखतो. आधी हे पत्र तीनदा वाच. तिसऱ्या वेळी ते तुलाच पटलेले असेल, मग खाकरावे लागणार नाही.