चार नंबरच्या गाडीचं तेल

वाशी,
११ फेब्रुवारी १९८७

गंगाराम मिस्त्रींना सप्रेम जयभीम.

नऊ वर्षं तुम्ही रोज सकाळी वर्कशॉपमध्ये शिरताना मला जयभीम घालायचात आणि मी फाइलीतून नुसती मान हलवायचो. आज मी आधी घातला. उशीर झालाय, कळतंय.

माणगावाकडे अजून थंडी असेल. इकडे तुर्भ्याच्या खाणींची धूळ नेमाने टेबलावर येऊन बसते. आमच्या ऑफिसात वेळेवर हजर होणारी तेवढी एकच. घरी बायको सुचित्रा बरी आहे. सोसायटीत पाणी येत नाही म्हणून समिती नेमली, आता समितीही येत नाही. साप्ताहिकातलं माझं विनोदी सदर चालू आहे. लोक हसतात म्हणे.

मुद्दाम कळवायची बातमी म्हणजे आपल्या ट्रकांतली सात नंबरची गाडी. गेल्या महिन्यात तिने एकाच तेलावर अठरा हजार किलोमीटर पुरे केले. आपण आठ हजारांना तेल बदलणारी माणसं! ते परदेशी सिंथेटिक तेल विकणारा टायवाला एजंट आठवतो ना, तो नाचायचाच बाकी होता. त्याच्यासमोर इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, बेअरिंगं काढली. मिस्त्री, काय सांगू? नवऱ्या मुलीच्या पाटल्यांसारखी चमकत होती. एजंट म्हणाला, "नंदकुमारसाहेब, आमच्या तेलावर चार ओळी लिहून द्या. तुमची लेखणी धारदार आहे."

धारदार लेखणी घेऊन मी तीन संध्याकाळी बसलो. एक ओळ झाली नाही. कारण ती बेअरिंगं पाहताना मला तेल दिसतच नव्हतं. तुम्ही दिसत होता. इंजिनाच्या टॅपेटची फट मापायला पातळ पट्टी सरकवून डोळे मिटणारे. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून, डॉक्टरने पेशंटला गप्प करावं तसं अख्ख्या वर्कशॉपला गप्प करणारे. नोझल काढून डिझेलचा फवारा बघायचात आणि एखादा थेंब ओघळला की म्हणायचात, "हिला सर्दी झालीय." सात नंबरचा डिझेलपंप तुम्ही दोन दिवस लावत, जुळवत बसला होतात. मी तेव्हा हजेरीबुकात लाल शाईने 'दिरंगाई' लिहिलं होतं. माझं अक्षर सुंदर आहे, एवढं तुम्हीही मान्य कराल.

आणि तुमचा तो टीपकागद. डिपस्टिकवरून तेलाचा एक थेंब कागदावर टाकायचा, वाळू द्यायचा, खाली गाडीचा नंबर घालायचा. मधला काळा डाग म्हणजे काजळी. भोवती फिकट कडं पसरलं तर नोझल गळतंय, तेलात डिझेल उतरतंय, तेल पातळ झालंय. मी माझ्या सदरात तुम्हाला 'टीपकागदाचे ज्योतिषी' म्हटलं. नाव घातलं नव्हतं, पण कळंबोलीपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळलं. चहाच्या टपरीवर तुम्हाला हात दाखवायला लागले. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "साहेब, लिवलंय झ्याक. डाग मात्र खोटा नसतो."

नवीन तेल आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, जुना मिस्त्री आता नाक मुरडणार. तुम्ही ते बोटांवर चोळलंत, वास घेतलात आणि म्हणालात, "तेल एक नंबर हाय. पन तेल इंजिनाचे कपडे धुतं, आजार नाय बरा करत. ज्या गाडीचा पंप, नोझल बरोबर लावलाय तिला लांब पळवा. बाकीच्यांना आदी मला लावू द्या." इतकं शहाणं वाक्य त्या एजंटच्या चार पानी माहितीपत्रकात नव्हतं. तरीही मी अकराच्या अकरा गाड्यांना तेल बदलायचा एकच आकडा लावला, अठरा हजार. तक्ता केला, चौकटी आखल्या. अरविंदशेठ खूश झाले. सरसकट आकडा दिसायला फार सुबक असतो.

इथपर्यंत तुम्हाला सगळं माहीत आहे. पुढचंही माहीत आहे. ते मी लिहायचं टाळतोय, हे तुम्ही ओळखलं असेल. तुम्हाला बाहेरूनच आतलं ऐकू येतं.

तर लिहितो. चार नंबरची गाडी नव्या तेलावर साडेसहा हजार किलोमीटर धावली होती. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "साहेब, चार नंबर थांबवा. नोझल गळतंय, तेलाचं पानी झालंय." ड्रायव्हर सदू लोखंड भरून पुण्याला निघायच्या तयारीत होता. मी म्हणालो, "मिस्त्री, लेखी द्या." तुम्ही खिशातून टीपकागद काढून माझ्यापुढे ठेवलात. फिकट कडं, खाली तुमच्या हाताचा चार. "हे घ्या लेखी." मी हसलो. कागद खणात टाकला. गाडी सोडली.

बोरघाटात चढावर इंजिन जाम झालं. सदूने ब्रेकवर उभं राहून गाडी धरली, मागच्या ड्रायव्हरांनी चाकांना दगड लावले, म्हणून माणूस राहिला. अरविंदशेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्रीने कळवलं होतं? लेखी काही आहे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कागद माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी म्हणालो, "नाही."

तुम्ही हात पुसले आणि फाटकाबाहेर पडलात. दुसऱ्या दिवशी भिमाबाई तुमची हत्यारांची पेटी न्यायला आल्या. मला म्हणाल्या, "त्यांनी तुमाला शिव्या दिल्या नाय. मी देनार होते, पन त्यांनी शपथ घातलीय." मग 'गाडी जाळणारा मिस्त्री' म्हणून तुमचं नाव फिरलं आणि तुर्भे-कळंबोलीत एकाही वर्कशॉपने तुम्हाला उभं केलं नाही. सदू सांगत होता, गावी पिठाची गिरणी दुरुस्त करता. ज्या कानाने पंपाचा अर्ध्या दाताचा फरक कळतो, तो कान गिरणीला! हे माझ्यामुळे.

सोमवारी तो टीपकागद मी शेठच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद उजेडाला धरला. मग विचारलं, "आठ महिने काय करत होतास?" विनोदी सदर, असं म्हणणार होतो. मंगळवारी टपरीवर सगळे ड्रायव्हर, मिस्त्री चहाला होते तेव्हा मी उभा राहून हेच पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. सदूने चहा तसाच ठेवला आणि निघून गेला.

सोबत शेठच्या सहीचं पत्र आहे. चूक सुपरिंटेंडेंटची, म्हणजे माझी, मिस्त्रीने वेळेवर सूचना दिली होती, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते घेऊन कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा. आमच्याकडेच यावं, अशी शेठची इच्छा आहे. गाडी कधी थांबवायची आणि तेल कधी बदलायचं हे तुम्ही ठरवायचं, कोणाला विचारायचं नाही. माझी बदली टायरच्या गोडाऊनमध्ये झाली आहे. ती मीच मागितली, असं सांगायचा मोह होतो. पण नाही, शेठनी केली.

एजंटला मी शेवटी चार ओळी दिल्या. तेलाचं कौतुक एका ओळीत केलं, कारण तेल खरंच चांगलं आहे. बाकी तीन ओळी तुमच्यावर आहेत. तो म्हणाला, हे छापता येणार नाही. मग सदरात छापलं. या वेळी नाव घालून.

याल की नाही, ते तुम्ही ठरवा. मला माफ करा, असं लिहिलं तर तुम्ही लगेच कराल, म्हणून लिहीत नाही. हे पत्र तुमच्या लेकीला, काशीला, मोठ्याने वाचायला सांगा. भिमाबाई शेजारी असू द्या आणि त्यांना घातलेली शपथ आता सोडवा. त्यांचं जे काय असेल ते मला पोचू दे.

ज्याने तुमचं काम नऊ वर्षं पाहिलं आणि आठ महिन्यांपूर्वी नाकारलं, तो
नंदकुमार