मार्कसचा गुडघा

शनिवार, संध्याकाळ

आज पुन्हा तो आवाज. आमच्या बास्केटबॉल संघाचा अमेरिकन खेळाडू मार्कस दुपारी घरी जेवायला आला होता. जिना उतरताना त्याच्या उजव्या गुडघ्यातून बारीक करकर ऐकू आली. गॅरेजमध्ये आयुष्य काढलं मी. बेअरिंग जायच्या आधी अशीच बोलते.

विचारलं, तर हसला. तुर्कस्तान, फिलिपिन्स, लेबनॉन, जिथे खेळला तिथे सर्वांत जास्त गुण याचेच. म्हणाला, "शेठ, एक मॅच बसलो की पुढचा देश बोलवत नाही. घरी मुलगी आहे."

कोच वानखेडेंना फोन केला. "त्याले बसवलं तं उद्याची फायनल गेली समजा, शेठ! काहून घाबरून राहिले? माणूस आहे तो, तुमचा ट्रक नाही."

ट्रकला दुसरा पार्ट तरी मिळतो.

संघ माझा, आणि कप मलाही हवाच आहे. पण ती करकर कानातून जाईना. शेवटी आत्ता मार्कसला फोन करून सांगितलं, उद्या तू बसायचं. काळजी करू नको, पुढच्या वर्षीचा करार आजच करून टाकू.

मला वाटलं, खूश होईल. पण त्याने हळूच विचारलं, "म्हणजे गुडघा खरंच गेला, शेठ?"