नळीत राहिलेलं

ता. ९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. साष्टांग घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घे.

ट्रेनिंग कसं चाललंय, विचारलंस. केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर सगळ्यांनाच कारखान्यात शिकायला जावं लागतं. माझ्या नशिबी बाबा मॅनेजर आहेत तोच कारखाना! त्यांच्याच गाडीतून जायचं, त्यांच्याच हाताखाली राबायचं, जेवायलाही त्यांच्याच समोर बसायचं. मैत्रिणी म्हणतात, मजा आहे बाई तुझी.

आत्या, माझ्या हातून चूक झाली आहे. तयार होणाऱ्या मालाचा नमुना काढायला टाकीला एक बारीक नळी असते. कॉक उघडला की आधी थोडं बादलीत सोडून द्यायचं, कारण ते नळीत राहिलेलं, मागच्या मालाचं असतं. मग बाटली भरायची. मी घाईत पहिल्याच धारेने भरली. मागचा माल उत्तम होता, म्हणून हा बिघडलेला मालही तपासणीत उत्तम ठरला, आणि मोठ्या टाकीत जाऊन त्याने तिथला सगळा माल नासवला.

शिकाऊ माणसाची सही चालत नाही. बाटलीवर सही होती ऑपरेटरकाकांची. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलंय. मी त्याच संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कुठेही बोलायचं नाही, तुझं वर्ष जाईल आणि मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आता गाडीत काचा बंद आणि आम्ही दोघंही बंद. आई दारात डबे देताना एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. आणि तिकडे मला बसवलंय काकांच्याच खुर्चीवर.

आहे तोच लोभ पुरे, फक्त कमी करू नकोस.
तुझी खारू

ता. १४ जून

चि. खारूस,
अ. उ. आ. या वेळी जरा जास्तच पाठवते आहे.

तुझं पत्र वाचता वाचता चहा निवून गेला. तुझा बाबा लहानपणी अंधाराला फार भ्यायचा. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेतून मी दमून यायची, गृहपाठ पडलेला असायचा, पण हा माझ्या झग्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही. किती गोड दिसायचा गं तेव्हा! आता पन्नाशी उलटली, आणि साहेब बदनामीला भितात. त्याचा राग आला तरी हे विसरू नकोस.

पण मला एक कळत नाही. नमुना तू काढलास, हे त्या काकांना ठाऊक असणारच. मग ते का गप्प आहेत? त्यांच्या घरी कोणी फिरकलं तरी का? तू रडत बसू नकोस, नाक लाल झालं की अगदी माझ्यासारखी दिसतेस, आणि ते काही भूषण नाही.

पत्राला उशीर करू नकोस, इथे जीव टांगलेला आहे.
तुझी आत्या

ता. २५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. हे गाडीत बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

काल चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन साहेब, मधले बाबा. काका म्हणाले, नमुना मीच काढला, माझीच चूक. ते का गप्प होते, ते तेव्हा कळलं. मॅनेजरच्या मुलीचं नाव त्या मॅनेजरलाच कसं सांगायचं? मला साक्षीला बोलावलं होतं, नुसतं हो म्हणायला. मी सांगितलं, काकांनी बाटलीला हातसुद्धा लावला नाही, मी भरली. एका साहेबांनी विचारलं, मग इतके दिवस कोणालाच कसं सांगितलं नाहीस? तर बाबाच म्हणाले, तिने मला सांगितलं होतं.

काका उद्यापासून कामावर. माझं ट्रेनिंग रद्द, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून, आणि कारखाना हाच. बाबांचं काय करायचं, ते वरचे ठरवणार आहेत.

आज सकाळी बाबांनी नुसता हॉर्न वाजवला. कुठे जायचं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गाडी काकांच्या घरासमोर थांबली. स्टिअरिंग धरून ते कितीतरी वेळ बसले होते. मग मला थांब म्हणाले आणि एकटेच आत गेले. आतून काही ऐकू येत नाही.

आत्या, काका दारात आलेत. हाताने मला आत बोलावतायत. कागद इथेच मिटते आणि जाते.

तुझी खारू