स्पिंडल कुठल्या बाजूला फिरतं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी सव्वानऊ.

आजपासून काम सुरू. दोन रिले, आठ वायरी, एक मोटर. दोन दिवस पुरेत. तीन धरू.

ही वही फक्त कामाच्या नोंदींसाठी. मनातलं वगैरे इथे लिहायचं नाही.

परिस्थिती अशी. मागच्या खोलीत ह्यांनी बांधलेलं सीएनसी मिलिंग मशीन आहे. कॉम्प्युटरवरून हुकूम सोडायचा आणि गरगर फिरणाऱ्या कटरनं लाकूड किंवा ॲल्युमिनियम कोरायचं, असं ते यंत्र. हे जाऊन नऊ महिने झाले. मशीन पुरं होत आलं होतं. कटर धरणारं स्पिंडल तेवढं एकाच बाजूला फिरत होतं. ते सुलट आणि उलट दोन्हीकडे फिरावं म्हणून ह्यांनी दोन रिले आणून ठेवले होते. रिले म्हणजे आपलं बोट न लावता विजेनं दाबला जाणारा खटका. डबी उघडलेली, कागद बाहेर काढलेला, आणि पुढे काही नाही.

लेकीनं एक गिऱ्हाईक आणलंय. शाळेच्या कार्यशाळेतले मास्तर. ३० तारखेला रविवारी बघायला येणार. मशीन पुरं चालू असेल तर मास्तर नेणार, नसेल तर भंगारवाला. लेक म्हणाली, आई, तिसरा पर्याय शोधत बसू नकोस, अख्खी खोली अडलीय.

मी म्हटलं, मला कशाला हवाय तिसरा पर्याय? मलाही खोली मोकळीच हवी आहे. लोखंडात जीव अडकवणाऱ्यातली मी नव्हे. अर्धवट वस्तू भंगारात जाऊ देणार नाही, इतकंच.

४ नोव्हेंबर.

भावजी आले. हे माझे धाकटे दीर. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता रोज पाच वाजता फिरून येताना डोकावतात. म्हणाले, वहिनी, द्या इकडे, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, दहा मिनिटांचं आहे तर मलाच जमेल. मशीनला हात लावायचा नाही, असं बजावलं. म्हणाले, बरं, तुम्ही चहा टाका, मी नुसता बघतो. मी म्हटलं, चहा तुम्ही टाका, मी बघते.

चहा बरा झाला होता. वायरिंग राहिलं.

५ नोव्हेंबर.

आठही वायरी सोलून टर्मिनलमध्ये कसल्या. प्लग लावला. हुकूम द्यायच्या आधीच दोन्ही रिले टक्‌कन उठून बसले. सुलटचा हुकूम दिला तर त्यातला एक झोपला. थांबण्याचा हुकूम दिला तर तो पुन्हा उठला. सांगितलं की झोपायचं आणि सांगायचं थांबलं की कामाला लागायचं. असा एक माणूस आमच्या नात्यात आहे. नातं लिहीत नाही.

७ नोव्हेंबर. दुपारी.

रिलेबरोबर आलेला कागद शब्दकोश घेऊन वाचला. अख्खा कागद म्हणजे सोळा ओळी, त्याला पावणेदोन दिवस. पण आता पाठ आहे. रिलेच्या पट्टीवर एक मुगाएवढं टोपण असतं. ते एका काट्यावरून काढून शेजारच्या काट्यावर घातलं की रिले सरळ वागायला लागतो. घातलं. वागायला लागला.

ठरलेले तीन दिवस उलटून गेले, पण वाचण्याचे दिवस कामात धरत नाहीत.

८ नोव्हेंबर.

स्पिंडल फिरलं!

आता दिशा. ह्यांच्या वहीत लिहिलंय (अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण मला सवय आहे): एम-तीन म्हणजे सुलट, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. एम-चार म्हणजे उलट. एम-पाच म्हणजे थांबा. खुणेसाठी स्पिंडलच्या नटावर लेकीच्या जुन्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. बुटकं स्टूल घेऊन बसले, मान वाकडी करून खालून नीट निरखलं. एम-तीन दिलं. रेघ काट्यांच्या विरुद्ध!

म्हणजे ह्यांच्या वहीतल्या जोडणीच्या नकाशातच चूक. मला नवल नाही वाटलं. घरातली घंटासुद्धा ह्यांनी लावली तेव्हा ती दाबली की दिवा लागायचा. मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा स्टुलावर बसून पाहिलं. आता बरोब्बर काट्यांप्रमाणे.

काम संपलं. मास्तरांना यायला बावीस दिवस आहेत. उगाच एवढी लांबची तारीख दिली.

९ नोव्हेंबर.

नमुना म्हणून फळीवर एक सरळ रेघ कोरायला घेतली. धूर. रेघ कोरली गेली नाही, भाजली गेली. लाकूड ओलं असणार.

११ नोव्हेंबर.

वाळलेलं लाकूड. जास्त धूर. वरच्या मजल्यावरच्या बाई धावत आल्या, काय जळतंय म्हणून. मी म्हटलं, भाजी. त्यांनी घरात बघितलं, गॅसवर काहीच नव्हतं. भाजी पार जळून गेली असं त्यांना वाटलं असावं. स्वयंपाकातली माझी अब्रू गेली, पण काम गुप्त राहिलं.

१२ नोव्हेंबर.

भावजी आले. मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते, तेवढा वेळ ते मागच्या खोलीत एकटेच होते. विचारलं तर म्हणाले, छे छे, नुसता उभा होतो. फार दमल्यासारखे दिसत होते. नुसतं उभं राहणंही ह्या वयात झेपत नाही माणसाला.

१३ नोव्हेंबर.

काय सांगावं! स्टुलावर बसून सहज तपासलं तर एम-तीन पुन्हा उलट. मी स्वतःच्या हातांनी बदललेल्या वायरी! पुन्हा अदलाबदल केली. पाहिलं, बरोबर. कापून बघितलं. धूर.

१७ नोव्हेंबर.

पुन्हा उलट. पुन्हा बदललं. पुन्हा धूर. मोटरला जुन्या दिशेची सवय लागली असेल. चपलेला लागते तशी. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण सगळंच पुस्तकात असतं असंही नाही.

कोणाला सांगायचं नाही. भावजींना तर मुळीच नाही.

१८ नोव्हेंबर.

सुलट चालू असताना न थांबवता एकदम उलटचा हुकूम दिला. निळी ठिणगी आणि एक रिले जागच्या जागी चिकटला. हलवून पाहिलं, ठोकून पाहिलं, समजावून पाहिलं. नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात नवा आणायला गेले. दुकानवाली म्हणाली, काकू, स्पिंडल पूर्ण थांबू द्यायचं असतं हो, मगच उलटं. मी म्हटलं, माहीत आहे.

माहीत होतंच. ह्यांच्या वहीत दोनदा अधोरेखित आहे: आधी थांबू दे, मग बोल. मला वाटलं, ते माझ्याबद्दल लिहिलंय.

२१ नोव्हेंबर.

पुन्हा उलट! चौथी खेप. बदललं. धुराचं कारण मात्र आता निश्चित सापडलं आहे. कटर बोथट. नवा आणला, पातं असं की बोटाला लागलं तरी कळत नाही. लागलं. कळलं नाही.

संध्याकाळ. नव्या कटरनंही धूर.

२४ नोव्हेंबर.

सहा दिवस राहिले. लेकीचा फोन. म्हणाली, आई, खरं सांग, होतंय का? नसेल तर भंगारवाल्याला सांगून ठेवते, त्यालाही आधी कळवावं लागतं. मी म्हटलं, अगं, झालंच आहे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हे ह्यांचं वाक्य. एकतीस वर्षं जेवायला हाक मारली की मागच्या खोलीतून हेच यायचं. झालंच.

ह्यांची वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, नकाशातली चूक शोधायला. चूक सापडली नाही. एका पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: उलट-सुलट जमलं की हिला बोलावून दाखवायचं.

ही नोंद कामाची नाही. तरी राहू दे.

२६ नोव्हेंबर. संध्याकाळी.

चोर सापडला.

पाच वाजता दुकानात जाते असं सांगून निघाले आणि पिशवी विसरले म्हणून जिन्यावरून परत आले. मागच्या खोलीत भावजी! चष्मा कपाळावर, स्क्रू ड्रायव्हर मोटरच्या टर्मिनलवर. मी म्हटलं, भावजी, हे काय? तर उलट मलाच म्हणाले, वहिनी, तुम्ही काय लावलंय हे? मी किती वेळा नीट करून ठेवायचं? बाराला केलं, पंधराला केलं, एकोणीसला केलं. दोन दिवसांनी बघावं तर आपलं पुन्हा उलटं!

मी म्हटलं, उलटं तुम्ही करता, मी सुलट करते. ते म्हणाले, सुलट मी करतो. मग सांगायचं होतं ना, मी म्हटलं. ते म्हणाले, सांगतो कसा, हात लावायची बंदी ना!

म्हटलं, आत्ताच्या आत्ता दाखवते. एम-तीन दिलं. मी स्टुलावर, ते उभे. मी म्हटलं, बघा, काट्यांप्रमाणे. ते म्हणाले, धडधडीत विरुद्ध फिरतंय! तुमच्याकडचं घड्याळ काय परसदारी टांगलंय का? मी म्हटलं, तुमचा चष्मा कपाळावर आहे, तो आधी डोळ्यांवर आणा. त्यांनी आणला. तरी विरुद्धच. आमचे आवाज फार चढले असावेत, कारण भेटायला आलेली लेक दाराशी येऊन कधी उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही.

तिनं काकांना दंड धरून स्टुलावर बसवलं आणि मला उठवून त्यांच्या जागी उभं केलं. म्हणाली, आता बघा.

मी बघितलं. विरुद्ध. भावजी खालून म्हणाले, अरेच्चा.

वरून पाहिलं की एक दिशा, खालून पाहिलं की दुसरी. पंख्याच्या वर छताला बसलेल्या माशीला पंखा उलटाच फिरताना दिसणार. दिशा वरून पाहायची असते. ह्यांच्या वहीत हे कुठेही नाही. हे उंच होते, कायम उभ्यानं काम करायचे. खाली बसून कोणी बघेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

उलट फिरणारा कटर कापत नाही, नुसता घासतो. म्हणून धूर. लाकूड, कटर, सगळी निर्दोष. आणि आठ तारखेला, मी मोटरच्या वायरी बदलण्याआधी, सगळं बरोबर होतं. नकाशासुद्धा.

भावजी म्हणाले, म्हणजे वहिनी, आपण दोघांनी मिळून... मी म्हटलं, हो.

शेवटची अदलाबदल लेकीनं केली. आमच्या दोघांवर तिचा विश्वास उरलेला नाही.

२७ नोव्हेंबर.

धूर नाही. पांढरे कुरळे काप उडाले, माझ्या केसांत जाऊन बसले. हातभर सरळ रेघ. तिच्यावरून चार-पाच वेळा बोट फिरवलं. कडा साफ आहेत की नाही हे बघायला.

मग थांबवलं, पूर्ण थांबू दिलं आणि उलटचा हुकूम दिला. टक्. फिरलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी म्हटलं, बघा.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी सात.

मास्तर दहाला येणार. मला काहीही वाटत नाही. पाचला उठून मशीन पुसलं ते फक्त धूळ होती म्हणून. दोनदा पुसलं कारण धूळ दोनदा होती.

३० नोव्हेंबर. संध्याकाळी साडेसहा.

मास्तर आले, शाळेतली दोन माणसं घेऊन. कानावर पेन्सिल, बोलणं हळू. मी सुलट दाखवलं, थांबवलं, उलट दाखवलं. कुठे काही अडलं नाही. मास्तर म्हणाले, वा, फार स्वच्छ काम आहे. मग म्हणाले, पण आम्हाला उलटं कधी लागत नाही हो. मुलं लाकडात नावाच्या पाट्या कोरतात, त्याला सुलट पुरे. भावजींना खोकल्याची उबळ आली.

मी सांगितलं, ह्यांना धातूच्या भोकात आटे पाडायचे होते. आत जायला सुलट, बाहेर यायला उलट. मास्तर म्हणाले, आटे आम्ही हातानं पाडतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, पण शिकवता येईल. आता आहेच तर शिकवू.

चालू असेल तर नेणार, असं ठरलं होतं. चालू होतं. उचललं.

दारापर्यंत गेलं आणि थांबलं. मशीनची चौकट दारापेक्षा चार बोटं रुंद. आडवं केलं, तिरकं केलं, भावजींनी दाराला दोष दिला. मशीन ह्यांनी खोलीतच जोडलं होतं, बाहेर कसं जाईल हा विचार केला नव्हता. किंवा केला होता. आता विचारणार कोणाला?

मोटर, रिलेची पेटी, चौकट, सगळं सुटं करावं लागणार होतं. म्हणजे आधी सगळ्या वायरी. सगळे माझ्याकडे बघत राहिले. लेक हळूच म्हणाली, आई, मी करू का? मी म्हटलं, मला कुठली वायर कुठे जाते ते माहीत आहे, तुम्ही लांब व्हा. सत्तावीस दिवसांचं काम. सोडवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पाच भावजींनी बॅटरी चुकीच्या जागी धरल्यामुळे.

मास्तरांनी जोडणीचा नकाशा मागितला. मी म्हटलं, वही मिळणार नाही, आणि मिळून उपयोगही नाही, कुठून बघायचं ते तिच्यात लिहिलेलं नाही. मीच येऊन जोडून देते. ते म्हणाले, ताई, फार बरं होईल, बुधवारी चालेल? मी म्हटलं, सवडीनं बघते. भावजी म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, हात मागे बांधून या.

टेम्पो गेला. खोली मोकळी झाली. अगदी हवी होती तशी. जरा झाडली. आवाज फार घुमतो, पडदा वगैरे लावायला हवा.

शाळेत जाण्याची मला काही घाई नाही. बुधवारला मधे दोन दिवस आहेत. पक्कड, दोन्ही स्क्रू ड्रायव्हर, मीटर, उरलेली वायर आणि ह्यांची वही पिशवीत भरून पिशवी दाराशी ठेवली आहे. आयत्या वेळी धांदल नको, म्हणून.